पत्ता सापडला, पण दार सापडलं का?

घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या, इंजेक्शन देणाऱ्या, कॅथेटर बदलणाऱ्या सिस्टर्सचं रोजचं वेळापत्रक लावणं हे माझं काम. कोणी कुठून निघायचं, आधी कुणाकडे जायचं, मग कुणाकडे, हे माझ्या टेबलावर ठरतं. त्यामुळे सकाळी स्क्रीनवर उघडलेला नकाशा मी कामावरून उठेपर्यंत बंद होत नाही. हे कळलं की लोक हमखास विचारतात, सगळ्यात चांगलं मॅप ॲप कुठलं? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. कुठलंही ॲप घ्या, पत्ता टाकल्यावर पिन नक्की कुठे पडली हे झूम करून बघितलंत, तर बरीचशी कटकट निघण्याआधीच मिटते. पण तेवढंच कोणी बघत नाही. पत्ता टाकला, निळी रेघ आली, 'सुरू करा' दाबलं आणि निघाले.

या एका दाबण्यामागे दोन निराळी कामं झालेली असतात. पहिलं जिओकोडिंग, म्हणजे शब्दांत लिहिलेल्या पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढणं. दुसरं राउटिंग, म्हणजे त्या बिंदूपर्यंतचा रस्ता शोधणं. पहिल्या कामात गडबड झाली तर दुसऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. मिळालेला बिंदू बरोबर आहे असं धरून ते इमानदारीत उत्तम रस्ता काढून देतं. म्हणून निळी रेघ कितीही झकास दिसली, तरी तिच्या टोकावर विश्वास ठेवायचा की नाही हे रेघेवरून कळत नाही.

जिओकोडिंग आतून कसं चालतं हे थोडं समजून घेतलं, तेव्हापासून मी पत्ते टाकायची पद्धतच बदलली. शोधयंत्र आधी पत्त्याचे तुकडे पाडतं: घर क्रमांक, इमारत, रस्ता, भाग, गाव, पोस्टाचा कोड. मग संक्षेप आणि स्पेलिंग एका साच्यात आणतं आणि आपल्या साठ्यातल्या नोंदींशी ताडून बघतं. तंतोतंत जुळणारं काही नसेल तर जवळचं शोधतं. किती अक्षरं बदलली, घातली किंवा काढली की एक शब्द दुसऱ्यासारखा होतो, हे मोजायची लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेली पद्धत अशा कामात अजूनही वापरली जाते. लांबलचक नावात एखादं अक्षर चुकलं तर निभावून जातं. चार अक्षरी नावात दोन चुकली की ते भलत्याच रस्त्याचं नाव होऊन बसतं. त्यामुळे छोट्या नावांच्या बाबतीत मी जास्त सावध असते.

एकाच नावाचे अनेक रस्ते असले की यंत्र त्यांतला एक निवडतं. आपण स्क्रीनवर नकाशाचा कुठला भाग उघडून बसलो आहोत, हे निवडताना बऱ्याचदा विचारात घेतलं जातं. म्हणून मी आधी नकाशा त्या भागावर नेते आणि मगच पत्ता टाकते. 'दुसरा मजला', 'मागच्या बाजूने', 'बेल वाजत नाही, फोन करा' असलं काही शोधाच्या खिडकीत लिहीत नाही. सिस्टरला हे सगळं हवंच असतं, पण त्याची जागा टिपणात. शोधयंत्राला त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे आणखी एक नाव वाटतं आणि ते तेही शोधत बसतं.

आता पिनकडे. लाल पिन दिसायला सगळीकडे सारखीच, पण तिच्यामागची खात्री सारखी नसते. गूगलची जिओकोडिंग सेवा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना उत्तरासोबत बिंदूचा प्रकारही कळवते. 'रूफटॉप' म्हणजे नेमकी ती इमारत. 'रेंज इंटरपोलेटेड' म्हणजे दोन माहीत असलेल्या ठिकाणांवरून काढलेला अंदाज. 'जिऑमेट्रिक सेंटर' म्हणजे एखाद्या रस्त्याचा किंवा भागाचा मध्य. आणि 'अप्रॉक्सिमेट' म्हणजे नुसताच अदमास. फोनवरच्या ॲपमध्ये मात्र हा प्रकार आपल्याला लिहून दाखवला जात नाही. पत्ता शोधणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे आणि ती पडद्यामागे राहते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पिनचा रंग बदलला असता तरी पुरलं असतं.

यातलं इंटरपोलेशन समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९७० च्या जनगणनेसाठी डाइम आणि पुढे १९९० च्या जनगणनेसाठी टायगर नावाच्या नकाशा-फाइली तयार केल्या. त्यांत रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यासोबत डाव्या-उजव्या बाजूच्या घरांचा पहिला आणि शेवटचा क्रमांक होता. प्रत्येक घराची जागा नोंदवत न बसता पत्ते शोधायची सोय झाली, आणि ही युक्ती आजही वापरात आहे. समजा एका बाजूला १ ते ९९ असे विषम क्रमांक आहेत. ४९ विचारला की यंत्र जवळजवळ मध्यावर पिन टाकतं. आता त्या बाजूचा पहिला निम्मा रस्ता एका शाळेच्या मैदानाने व्यापलेला असेल आणि अख्ख्या शाळेला मिळून १ हा एकच क्रमांक असेल, तर बाकीची सगळी घरं उरलेल्या अर्ध्यात आली. म्हणजे खरं ४९ तीन-चतुर्थांश रस्ता पुढे गेल्यावर येतं आणि पिन मात्र मैदानाच्या टोकाशी उभी असते.

हे ओळखायची एक साधी खूण आहे. शोधाचं उत्तर आलं की त्याखाली ॲपने लिहिलेला पत्ता वाचायचा. आपण टाकलेला घर क्रमांक त्यात आहे का? क्रमांक गायब असेल आणि नुसतं रस्त्याचं नाव उरलं असेल, तर त्याला फक्त रस्ता सापडलाय, घर नाही. पोस्टाचा कोडही आपल्याजवळच्या कोडशी ताडून बघायचा. तो वेगळा आला की बहुतेक वेळा दुसऱ्या भागातला त्याच नावाचा रस्ता उचललेला असतो. याला काही सेकंद लागतात. तिकडे जखमेचं ड्रेसिंग सोडवून कोणीतरी सिस्टरची वाट बघत बसलेलं असतं, हे डोक्यात असलं की तेवढे सेकंद द्यायचा कंटाळा येत नाही.

पिन बरोबर इमारतीवर पडली तरी पेच संपत नाही. एकदा एका सिस्टरचा फोन आला. "ताई, हा म्हणतोय पोचलात, आणि माझ्यासमोर भिंत आहे."

"इमारत दिसतेय का?"

"दिसतेय ना. भिंतीपलीकडे. आजोबा गॅलरीत उभे राहून हात करताहेत मला."

मी नकाशा मोठा केला. पिन अगदी योग्य इमारतीच्या मधोमध होती. पण राउटिंगला इमारतीच्या आत जाता येत नाही, त्याला रस्ता लागतो. म्हणून ते पिनपासून सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं आणि प्रवास तिथे संपवतं. हे अंतर सरळ रेषेत मोजलं जातं. मधे कुंपण आहे, नाला आहे की रेल्वेचा रूळ आहे, हे नकाशात नोंदवलेलं नसेल तर ते त्याला कळायचं कसं? त्या इमारतीला मागची गल्ली जवळची पडत होती आणि फाटक होतं पुढच्या मोठ्या रस्त्यावर. गल्लीतून वळसा घालून फाटकापर्यंत यायला सिस्टरना चांगला वेळ लागला. हातात बॅग, पाठीवर बॅग, डोक्यावर ऊन.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पेशंटचे दोन बिंदू असतात: एक फाटकाचा, एक दाराचा. रस्ता काढायचा तो फाटकापर्यंत. पुढचं चालणं शब्दांत लिहायचं: फाटकातून डावीकडे, दुसरा जिना. नाव नोंदवतानाच घरच्यांना विचारते, "गाडी कुठे थांबते? तिथून दारापर्यंत कसं यायचं?" 'तुमचा पत्ता सांगा' असं विचारलं की लोक कागदपत्रावरचा पत्ता म्हणून दाखवतात. 'गाडी कुठे थांबते' विचारलं की फाटक, उतार, कुत्रा, सगळं आपोआप बाहेर येतं.

शक्य असेल तर घरातल्या कोणाला तरी फाटकाशी उभं राहून लोकेशन पाठवायला सांगते. घरात बसून नको. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतं. मे २००० पर्यंत अमेरिकेचं सरकार नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि ही अचूकता मिळतच नसे. ते बंद केल्यावरच गाडीतल्या आणि फोनमधल्या दिशादर्शनाला खरा अर्थ आला. पण छताखाली उपग्रहांचा सिग्नल क्षीण होतो, फोन वाय-फाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधायला लागतो. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, तेच त्या अंदाजाचं माप. वर्तुळ मोठं असताना लोकेशन पाठवायचं नाही. थोडं थांबलं की ते आक्रसतं, मग पाठवायचं.

आलेलं लोकेशन मी आकड्यांतच साठवून ठेवते. दशांश चिन्हानंतर चार अंक घेतले तर साधारण ११ मीटरपर्यंत नेमकेपणा येतो, पाच घेतले तर सुमारे १ मीटर आणि सहा घेतले तर ११ सेंटिमीटर. फाटकासाठी पाच भरपूर झाले. नऊ-दहा अंक चिकटवून ठेवण्यात काही हशील नाही, फोनला तेवढं कळतच नसतं. क्रम मात्र डोळ्यात तेल घालून बघावा लागतो. आपण बोलताना आधी अक्षांश आणि मग रेखांश म्हणतो, फोनवरची ॲप्सही तसंच दाखवतात. पण जिओजेसन नावाचं जे फाइल-स्वरूप अनेक प्रणाली वापरतात, त्यात आधी रेखांश लिहायचा असतो. फाइल इकडून तिकडे नेताना आकडे उलटले की पेशंट थेट दुसऱ्या खंडात. अक्षांश कधीच ९० च्या वर जात नाही, त्यामुळे अक्षांशाच्या रकान्यात त्याहून मोठा आकडा दिसला तर उलटापालट झाली हे नक्की. आणि पिन आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडली तर दोन्ही रकाने रिकामे गेलेत असं समजावं. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशाची ती जागा. तिथे नुसता समुद्र आहे, पण रिकाम्या नोंदी इतक्या वेळा तिथे जाऊन पडतात की नकाशावाल्यांनी तिला 'नल आयलंड' असं नावच दिलंय.

फोनवरून आकडे सांगायचे असतील तर प्लस कोड, म्हणजे अक्षांश-रेखांशाऐवजी वापरायचा छोटासा कोड, बरा पडतो. गूगलच्या झुरिक कार्यालयात तो तयार झाला आणि पद्धत सगळ्यांसाठी खुली ठेवली. वीस चिन्हं, त्यात स्वर नाहीत, म्हणजे चुकून एखादा शब्द तयार होत नाही. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं आणि आकडेही वगळले आहेत. दहा चिन्हांचा कोड साधारण १४ मीटर बाजूचा चौकोन दाखवतो, आणखी एक चिन्ह जोडलं की चौकोन ३ मीटरच्या आसपास येतो. ज्या घरांना क्रमांकच नाही त्यांच्यासाठी मला तो फार मोलाचा वाटतो.

राउटिंगबद्दल थोडक्यात, कारण तिथे यंत्र माझ्यापेक्षा खरंच हुशार आहे. रस्त्यांचं जाळं म्हणजे चौक आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक रेषेला एक किंमत, बहुतेक वेळा लागणारा वेळ. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत कमीत कमी किमतीची वाट शोधायची रीत मनात जुळवली. ती १९५९ मध्ये छापली गेली. निघायच्या ठिकाणापासून पाणी पसरावं तसा तो शोध सगळ्या दिशांना पसरतो. १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफाएल या तिघांनी 'ए-स्टार' आणली. तिच्यात शोध मुक्कामाच्या दिशेने झुकता राहतो, उगाच उलटीकडे पसरत नाही. आणि २००८ मध्ये कार्ल्सरूहच्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत नकाशातले दूरदूरचे जवळमार्ग आधीच मोजून ठेवले जातात. अशा तयारीमुळे अख्ख्या खंडातला रस्तासुद्धा पापणी लवायच्या आत निघतो.

म्हणून मी रस्त्याशी वाद घालत बसत नाही. बघते त्या दोन-तीनच गोष्टी. वाहन बरोबर निवडलंय का? स्कूटरवरच्या सिस्टरला गाडीचा रस्ता देऊ नये, चालणाऱ्या सिस्टरला तर नाहीच, कारण पायवाट आणि जिने गाडीच्या जाळ्यात नसतात. निघायची वेळ टाकली आहे का? रात्री बसून उद्या सकाळचा रस्ता काढला आणि वेळ 'आत्ता' राहू दिली, तर रिकाम्या रस्त्याचे आकडे येतात. आणि पोचायच्या वेळेत मी स्वतः भर घालते. ॲप गाडी थांबेपर्यंतची वेळ सांगतं. पुढे गाडी लावायला जागा, फाटकावर नाव लिहिणं, लिफ्टची वाट, हात धुणं, हे कोणी मोजलेलं नसतं. एकाच इमारतीत दोनदा जाऊन आलं की तिथला हा वरचा वेळ कळतो आणि मी तो टिपणात लिहून ठेवते.

थांब्यांचा क्रम हे मात्र माझं आवडतं काम. आठ घरं असतील तर ती ४०,३२० क्रमांनी घेता येतात, दहा असतील तर ३६,२८,८०० क्रमांनी. फोनवर थांबे घालून रस्ता काढताना ते आपण दिलेल्या क्रमानेच आहेत का हे बघावं. क्रम लावून देणारी वेगळी साधनं असतात आणि अंतराच्या हिशेबाने ती माझ्याहून सरस क्रम लावतील. पण माझ्या यादीत नुसतं अंतर नसतं. इन्सुलिन जेवणाआधी द्यायचं असतं. उपाशीपोटी रक्त तपासायला द्यायचंय अशा माणसाला ताटकळत ठेवता येत नाही. जंतुसंसर्ग झालेली जखम शेवटी घ्यायची, म्हणजे तिथून दुसऱ्या कुणाच्या जखमेकडे जायला नको. एक आजी दुपारी झोपतात आणि झोपमोड झाली की त्यांचा रक्तदाब वेगळाच येतो. मी आधी अशा बांधलेल्या वेळा मांडते, मग मधल्या फटींमध्ये जवळची घरं बसवते आणि सगळ्यात शेवटी नकाशाला विचारते की हे जमतंय का. निळी रेघ स्वतःलाच दोन-तीनदा छेदून जाते, बघायला विस्कळीत दिसते. दिसू दे. रेघ सरळ करायच्या नादात कुणाचं इन्सुलिन उशिरा होणं मला चालत नाही.

त्या भिंतीपलीकडच्या फाटकाची नोंद मी ओपनस्ट्रीटमॅपवर केली. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे आणि खातं उघडून कोणालाही त्यात भर घालता येते. इमारतीच्या रेषेवर प्रवेशद्वाराचा बिंदू टाकायचा, कुंपणाची रेषा काढायची, कुंपण जिथे मोडतं तिथे फाटक, आणि फाटकापासून दारापर्यंतची वाट जोडायची. ही शेवटची वाट सगळ्यात महत्त्वाची. ती जोडलेली नसेल तर नकाशात फाटक दिसतं, पण त्यातून आत जाता येतं हे राउटिंगला कळत नाही. संपादन जमत नसेल तर नकाशावर त्या जागी चिठ्ठी ठेवता येते, जाणकार स्वयंसेवक ती वाचून दुरुस्ती करतात. एक पथ्य कडक पाळायचं: दुसऱ्या नकाशावरून बघून काही उतरवायचं नाही, तो त्यांच्या हक्काचा माल आहे. स्वतः पाहिलेलं किंवा तिथे जाऊन आलेल्या सिस्टरने सांगितलेलं तेवढंच भरायचं. इतर नकाशांवरही चूक कळवायची सोय असते आणि मी तीही वापरते, पण ओपनस्ट्रीटमॅपवर केलेला बदल माझ्या डोळ्यांसमोर उमटतो आणि तो डेटा घेऊन चालणाऱ्या इतर ॲप्सनाही मिळतो, म्हणून तिथे हात जास्त वळतो.

नकाशात जातं ते फक्त फाटक, कुंपण, वाट. कुणाच्या घरी नर्स येते हे जगजाहीर व्हायचं काही कारण नाही, म्हणून पेशंटचं नाव, आजार किंवा 'आमचा पेशंट' अशी नुसती खूणसुद्धा तिथे ठेवत नाही. सिस्टर्सच्या फोनवर जतन केलेल्या पिनांना नावाऐवजी आमचा अंतर्गत क्रमांक असतो. लोकेशनची लिंक कुणाला पाठवली तर त्यासोबत नाव लिहीत नाही, ते फोनवर सांगते. उपचार संपले की त्या पेशंटची पिन सिस्टरच्या फोनवरून काढून टाकायला लावते आणि माझ्या यादीतूनही पुसते. फाटकाची नोंद मात्र सार्वजनिक नकाशावर तशीच राहते, त्या इमारतीत पुढे कुणाला ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली तर चालकाला मागच्या गल्लीत शिरावं लागणार नाही.